उंचीचा रकाना

सातबाऱ्यावर उंचीचा रकाना नाही.
एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद,
पण हे कधी ध्यानातच आलं नाही.
लांबी-रुंदी आहे, पोटखराबा आहे,
विहिरीत कुणाचा किती आणे हिस्सा, तेही आहे;
वर मात्र सगळं कोरं.

सत्वशीला चिकलठाण्याच्या टॉवरमध्ये लागली
त्या दिवाळीत तिला विचारलं,
बाई, आपल्या पत्र्यावरचं आभाळ कुणाच्या नावावर?
करंजी खाता खाता तिनं कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं:
विमानतळाभोवती एक डबा,
त्याच्यावर पसरट दुसरा,
आणि त्यातून फुटलेल्या वाटा.
"हा डी वर्ग. इथं मला विचारल्याशिवाय कुणी शिरायचं नाही.
बाहेरचं, खालचं, ते जी.
तिथं ज्यानं त्यानं डोळे उघडे ठेवून जायचं."
म्हटलं, जी म्हणजे गायरान.
"आणि ए, बी, सी?"
"ते पुस्तकात आहेत. आपल्याकडं लागू नाहीत."
म्हणजे आमच्या खात्यासारखंच.

शेलगावचे शेषेराव आणि आसाराम, सख्खे भाऊ,
दीड हात बांधासाठी तीनदा मोजणी मागितली.
तिन्ही वेळा साखळी धरली, तिन्ही वेळा तोच आकडा,
खुणेचा दगड मात्र दर वेळी सरकलेला.
दगडाला पाय असतात, आमच्यात शिपायालाही माहीत.
शेवटच्या खेपेला कुऱ्हाडी निघाल्या.
तेवढ्यात साडेचारचं विमान डोक्यावरून उतरायला लागलं
आणि कुऱ्हाडी तशाच धरून दोघांनी वर पाहिलं.
मीही पाहिलं.
पोलीस पाटील पोचले ते त्या दोन मिनिटांत.

वर दोन विमानांत हजार फूट सोडतात म्हणे.
तेहतीस फुटी साखळ्या तीस, वर थोडं.
ना दगड, ना घायपाताची रांग,
सगळं निव्वळ बोलण्यावर.
ती सांगते, पायलटनं तेच शब्द परत म्हणून दाखवायचे,
चुकला तर पुन्हा.
आम्ही अंगठे घ्यायचो, पंच घ्यायचो,
तरी माणसं कचेरीत येऊन म्हणायची,
आम्ही कधी कबूल केलं?

गेल्या माघात एक शिकाऊ विमान चुकलं.
एकटंच पोरगं, समोरचा पडदा काळा पडलेला,
खाली धुरकट, तुरीचे खळे चालू.
कायद्यानं ते तिच्या हद्दीत नव्हतंच,
गायरानात भरकटलेलं वासरू.
तिनं विचारलं, खाली काय दिसतं ते सांग.
म्हणाला, टेकडी. टेकडीवर देऊळ. पायऱ्या.
पायथ्याला पालं, बाजार असावा.
तिनं म्हणे नकाशा उघडलाच नाही.
"दक्षिणेला ये. रेल्वेचे रूळ लागतील.
लागले की उजवीकडं वळ, आणि त्यांना सोडू नकोस."
त्यानं ते परत म्हणून दाखवलं.
दुधनेचं कोरडं पात्र लागलं तेही सांगितलं,
आणि डब्याच्या कडेशी आल्यावर,
आवाज कापत होता तरी,
आत यायची रीतसर परवानगी मागितली.

रात्री नऊला तिचा फोन आला.
जेवलात का, गुडघा कसा आहे,
मग उगाचच गप्प.
मग म्हणाली, राजूरच्या पायऱ्या किती, आठवतं?
तिथं तळ पडला की मी तिला सायकलवर पुढं बसवून न्यायचो,
मागं तिपाई बांधलेली.
म्हटलं, नाही गं. मी रानं मोजायचो.
"मी मोजल्या होत्या," ती म्हणाली,
"तुम्ही टेबल लावायचे, तोवर.
दर वेळी एक कमी-जास्त यायची."